पिल्लू नव्हे, तू हट्टी आहेस

"सर, आमचं पिल्लू गाडीत बसतच नाही. फार हट्टी आहे हो." हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस.

अडीच-तीन महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाला कसला आलाय हट्ट? त्याने आजवर तुझ्या गाडीतून काय काय अनुभवलं, ते जरा आठव. पहिल्यांदा गाडीत बसलं तेव्हा आईपासून तुटलं. दुसऱ्यांदा बसलं तेव्हा लसीची सुई टोचली गेली. तिसऱ्यांदा शनिवारी पहाटे पोटभर दूधपोळी चारून तू त्याला पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग करत थेट काशीदला नेलंस. रेवदंड्याचा पूल ओलांडून पुढची वळणं लागली आणि ते ओकलं. आता दार उघडलं की शेपूट पोटाशी घेऊन सोफ्याखाली जातं. मग? गाडीतून त्याचं एकदा तरी भलं झालं का? तू त्याच्या जागी असतास तर बसला असतास?

आणि त्याने आधी सांगितलं नाही, असं तर म्हणूच नकोस. पोयनाडच्या आधीपासून ते ओठ चाटत होतं. एकामागून एक जांभया देत होतं. मग लाळ गळायला लागली, कण्हायला लागलं. तू जांभयांना झोप समजलास. लाळ बघून नाक मुरडलंस. कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून गाणी मोठी केलीस. शेवटी उलटी झाली तेव्हा त्याच्यावर खेकसलास, का तर सीट कव्हर नवीन होतं. मळमळणाऱ्या जिवाला वर ओरडा मिळाला. त्यातून ते काय शिकलं असेल, याचा विचार केलास?

मला राग याचा येतो की तुला सगळं कळतं. तुझ्या मुलीला गाडी लागते ना? तेव्हा तुला सगळं सुचतं. कार्लेखिंड यायच्या आधी काच खाली करतोस. खिशात आलेपाक असतो. निघताना तिला तुडुंब जेवू देत नाहीस. वळणावर वेग आपोआप कमी होतो. ओकली तर पाठीवरून हात फिरवतोस आणि म्हणतोस, "होतं गं, बाळा." तिला कधी हट्टी म्हणालास? मग हे शहाणपण पिल्लाच्या वेळी कुठे जातं? बुद्धी कमी असती तर गप्प बसलो असतो. तुझी बुद्धी जागेवर आहे, ती वापरायचा तुला कंटाळा आहे.

कारण माहीत नाही म्हणतोस? ऐक. शरीराचा तोल कळतो तो कानाच्या आतल्या भागातून. पिल्लात ती यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. कान सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांना समोर दिसते सीटची पाठ, ती जागची हलत नाही. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. इंग्रजांचा आरमारी सेनापती नेल्सन आयुष्यभर समुद्रावर राहिला, तरी त्याला बोट लागायची. तुझं पिल्लू कालपरवा जन्मलेलं. त्याच्याकडून कसली अपेक्षा करतोस?

"मोठं झालं की आपोआप जाईल." हे तुझं आवडतं वाक्य. निम्मं खरं आहे, म्हणूनच घातक आहे. वर्षभरात बऱ्याच पिल्लांची मळमळ जाते, खरं आहे. पण भीती जात नाही. उलट प्रत्येक वाईट फेरीने ती घट्ट होते. पचनावरच्या कामासाठी 1904 मध्ये नोबेल मिळालेल्या पावलोव्हचे प्रयोग तू शाळेत शिकलायस. अन्न येणार, एवढी खूण कळली तरी कुत्र्याला लाळ सुटायची. तुझ्या पिल्लाला आता गाडीची किल्ली वाजली तरी लाळ सुटते. फरक एवढाच, की त्या कुत्र्यांना घास आठवायचा आणि तुझ्याला ओकारी आठवते. ही खूण तूच त्याच्या डोक्यात बसवलीस. ती पुसायचं कामही तुझंच.

"वेळ कुठे आहे, सर?" मोबाईलवर बोट फिरवायला आहे. मग याला पाच मिनिटं का नाहीत? गाडी अंगणात उभी असते. इंजिन बंद ठेव. दारं उघडी ठेव. पिल्लाचं जेवण गाडीशेजारी मांड. ते न बिचकता खायला लागलं की वाटी आत सरकव. स्वतःहून चढलं तर शाबासकी दे, उतरावंसं वाटलं तर उतरू दे. दार लावून कोंडू नकोस. अशी गाडीची सवय झाली की मग एखाद्या दिवशी नुसतं इंजिन चालू कर, जागचा हलू नकोस. मग फाटकापर्यंत जा आणि परत ये. मग कोपऱ्यापर्यंत. कुठे थरथरलं, लाळ गळली, तर एक पायरी मागे ये. मागे येण्यात तुझा अपमान होत नाही. आणि एवढं झाल्यावर पहिली खरी फेरी दवाखान्याची नको. सकाळी, ऊन चढायच्या आत, जवळच्या एखाद्या पुळणीवर ने. पळू दे, वास घेऊ दे, ओल्या वाळूत लोळू दे. गाडीतून उतरलं की चांगलं काहीतरी होतं, हे त्याला आधी पटू दे.

हे सगळं तू एका रविवारी उरकायला बघशील, मला माहीत आहे. पी हळद नि हो गोरी. तसं होत नाही. आणि निघायच्या दिवशी सकाळी सुरू करायचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. कुठल्या पिल्लाला आठवडा पुरतो, कुठल्याला दोन महिने लागतात. तुझं पिल्लू ठरवेल, तुझी सुट्टी नाही.

आता लांबच्या प्रवासाचं. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नकोस, पण इवल्याशा पिल्लाला दिवसभर उपाशीही ठेवू नकोस, ते गळून जाईल. थोडं पाणी देत राहा. मांडीवर घेऊन गाडी चालवतोस, ते आजपासून बंद. पुढे एअरबॅग उघडली तर पिल्लू वाचणार नाही. मागच्या सीटवर हार्नेस लावून बसव, नाहीतर घट्ट बांधलेल्या पिंजऱ्यात त्याचं रोजचं फडकं घालून ठेव. काच जराशी खाली हवी, त्याचं डोकं बाहेर नको. तो मोगऱ्याचा उग्र सुगंध गाडीतून काढून टाक. आपल्याला गुदमरतं, तर त्याच्या नाकाचं काय होत असेल? मागच्या उलटीचा वास राहिला असेल तर आधी गाडी धुऊन घे. दर तासाभराने थांब, पट्टा लावून उतरव.

रस्त्यावर खापर फोडू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते, गाडीसकट तासाभरात. जानेवारी 2024 पासून अटल सेतू आहे, 21.8 किलोमीटर, जवळपास सरळ. वळणं टाळता येतात तिथे टाळ. पण पावसाळी वाऱ्यात बोटही हलते, ते बघून ठरव. आणि गचके देत ब्रेक मारायची तुझी सवय कुठलाही सेतू सुधारू शकत नाही.

गोळीचं विचारतोस? स्वतःच्या मनाने घरातली माणसांची उलटीची गोळी देऊ नकोस. कुत्र्यांच्या या त्रासावर मॅरोपिटंट नावाचं औषध आहे. वय आणि वजन बघून ते पशुवैद्य देतील. त्यांच्याकडे जा, लाजू नकोस. पण गोळी मळमळ थांबवते, भीती घालवत नाही. अंगणातली पाच मिनिटं चुकणार नाहीत.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी तुला माफ करणार नाही. राजपुरीहून होडीने जंजिरा बघायला जाताना पिल्लू बंद गाडीत ठेवायचं नाही. "काच थोडी उघडी ठेवली होती" हे मला सांगू नकोस. 2005 मध्ये अमेरिकेत याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हात उभ्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सुमारे 22 अंश सेल्सिअसने वाढलं, त्यातलं 80 टक्के पहिल्या अर्ध्या तासात. काचेला फट ठेवून जवळपास काही फरक पडला नाही. मुरूडच्या मे महिन्यात याचा अर्थ काय होतो, ते तूच काढ. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते फक्त धापा टाकतं आणि तुझी वाट बघतं.

या किनाऱ्यावर असेही लोक पाहिलेत, जे "गाडीत बसत नाही" म्हणून कुत्रं वाडीवरच्या रखवालदाराकडे टाकून मुंबईला निघून गेले. प्राण्याचे हाल होतील असं वाहून नेणं, त्याला टाकून देणं, दोन्ही प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. म्हणून तुला कायद्याचा धाक घालत नाही. तू तसा नाहीस. तू प्रेमाने आणलंस त्याला, रात्री उशाशी घेऊन झोपतोस, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच एवढं बोलतोय. ज्याच्याकडून काही व्हायचं नाही, त्याच्यावर मी घसा कोरडा करत नाही.

दिवाळीला त्याला रेवदंड्याला न्यायचंय ना? मग आज संध्याकाळी गाडीची दारं उघड आणि त्याची वाटी शेजारी ठेव. किल्ली घरातच राहू दे.