शहरी ओरिएंटियरिंग आणि प्रमाणविचार

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधाराने धावण्याची शर्यत. नकाशा स्पर्धकाच्या हाती पडतो तो सुटण्याच्या क्षणी. त्यावर जांभळ्या रंगात आरंभाचा त्रिकोण, क्रमांक घातलेली वर्तुळे आणि शेवटाचे दुहेरी वर्तुळ छापलेले असते. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यबिंदूशी, प्रत्यक्ष जमिनीवर, केशरी-पांढऱ्या कापडाची तिकोनी खूण टांगलेली असते. तिला कंट्रोल म्हणतात. कंट्रोल दिलेल्या क्रमानेच गाठावे लागतात, मधली वाट मात्र ज्याची त्याने निवडायची. पायांत वेग हवाच, पण शर्यतीचा निकाल बहुतेक वेळा एका प्रश्नावर लागतो: आपण या क्षणी कुठे उभे आहोत, आणि ते कशावरून? भारतीय दर्शनांनी प्रमाणविचार या नावाखाली शतकानुशतके ज्याची चर्चा केली, तो प्रश्न हाच आहे.

या खेळाचा उगम स्कँडिनेव्हियातला. पहिली सार्वजनिक शर्यत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी आजच्या ओस्लोजवळ झाली आणि आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला. जंगलातला हा खेळ पुढे शहरात आला. कमी अंतराची, बहुधा वस्तीत होणारी ‘स्प्रिंट’ शर्यत २००१ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आहे. तिचा नकाशा साधारणपणे १:४००० प्रमाणाचा असतो, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर चाळीस मीटर होतो. जिना, कुंपण, दोन इमारतींमधला बोळ, सारे त्यात दिसते.

अशी शर्यत मुंबईतल्या शीवमध्ये आखायची झाली तर भूभाग आयताच तयार आहे. इंग्रजांच्या ताब्यातले परळ बेट जिथे संपत होते आणि समोर पोर्तुगीजांची साष्टी दिसत होती, तिथल्या टेकडीवर गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात, १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, किल्ला बांधला गेला. टेकडीच्या पायथ्याशी आज बाग आहे. पश्चिमेला मध्य रेल्वेचे रूळ वस्तीचे दोन भाग करतात. पूर्वेला, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या आखणीतून घडलेल्या शीव-माटुंगा भागात, नावाऐवजी नंबराने ओळखले जाणारे रस्ते आहेत.

न्यायदर्शन चार प्रमाणे, म्हणजे खऱ्या ज्ञानाची साधने, मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नकाशा हा यातला शब्द. ज्याने जागा पाहिली आहे आणि जो खरे सांगू इच्छितो, अशा आप्ताचे ते वचन. नकाशा करणारा आधी त्या गल्ल्यांतून फिरलेला असतो आणि त्याच्या फिरण्यावर स्पर्धक भरवसा ठेवतो. पण आप्ताचे वचनही विशिष्ट काळी केलेले असते. शीव स्थानकाजवळचा १९१२ चा उड्डाणपूल पाडून नवा बांधण्यासाठी १ ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला. त्याआधीचा नकाशा घेऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालेला धावपटू पुलाच्या तोंडाशी अडला असता. नकाशा करणारा खोटे बोललेला नसतो, अडलेला धावपटूही चुकीचे वाचत नसतो. तरीही ज्ञान खोटे ठरते. आप्तत्व माणसाच्या सचोटीवर जितके, तितकेच सांगण्याच्या वेळेवरही अवलंबून असते, ही गोष्ट शहर फार स्पष्टपणे दाखवते.

स्प्रिंटच्या नकाशात आणखी एक विशेष आहे. जाड काळ्या रेघेने दाखवलेली भिंत ओलांडायला बंदी असते, मग ती प्रत्यक्षात कमरेइतकी का असेना. ओलांडली तर धावपटू बाद होतो. म्हणजे ती रेघ नुसते वर्णन करत नाही, निषेध करते. वेदवाक्याचे मुख्य काम वस्तूची माहिती देणे नसून काय करावे आणि काय करू नये हे सांगणे आहे, असे मीमांसक मानतात. शहरी नकाशात दोन्ही कामे एकाच रेघेकडे असतात, आणि ती केवळ माहिती म्हणून वाचणारा फसतो.

दिशेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. वैशेषिकांनी नऊ द्रव्यांत दिक् हे स्वतंत्र द्रव्य मानले. ती एक, नित्य आणि सर्वव्यापी. पूर्व-पश्चिम हे भेद सूर्याच्या उदयास्तासारख्या उपाधींमुळे केले जातात. धावपटू वळणावर स्वतः वळतो आणि हातातला नकाशा उलटा फिरवतो, त्यामुळे कागदावरची उत्तर जमिनीवरच्या उत्तरेशी जुळून राहते. शरीराचे डावे-उजवे बदलत राहते, दिशा बदलत नाही. नवशिक्या गोंधळतो तो बहुधा इथेच, कारण तो नकाशातली अक्षरे सरळ दिसावीत म्हणून कागद धरून ठेवतो.

न्यायाच्या चार प्रमाणांत उपमान हे प्रमाण सर्वांत जास्त उपेक्षित राहिले आहे. त्याचे नेहमीचे उदाहरण गवयाचे. गवय कधी न पाहिलेल्या माणसाला रानातला जाणकार सांगतो की गवय गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसतो, ऐकलेले वाक्य आठवते आणि ‘हाच तो गवय’ असे ज्ञान होते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून, आणि मुंबईत १८९७ मध्ये आठल्ये व बोडस यांच्या टिपांसह निघालेल्या त्याच्या आवृत्तीतून, विद्यार्थ्यांच्या पिढ्या हे उदाहरण शिकल्या. वैशेषिकांनी उपमान अनुमानात जमा केले, बौद्धांनी त्याला वेगळे स्थान दिले नाही. पण टेकडीच्या बागेत शिरलेल्या धावपटूकडे पाहावे. नकाशात दोन पायवाटांचा फाटा, त्याच्या उत्तरेला एक पायऱ्यांची ओळ आणि पलीकडे चढाकडे दाटत जाणाऱ्या समोच्च रेषा. ही जागा त्याने पूर्वी पाहिलेली नाही. समोर बाक, फिरायला आलेली माणसे, यांतले नकाशात काहीच नाही. तरीही पायऱ्या दिसताच तो थबकत नाही, कारण ‘हीच ती’ हे त्याला हेतू आणि व्याप्ती मांडून सिद्ध करावे लागत नाही. सांगितलेले आणि दिसलेले यांची गाठ एकदम पडते. हे अनुमान नव्हे, आणि नैयायिकांचा आग्रह इथे पूर्णपणे योग्य ठरतो.

चूकही याच वाटेने येते. नंबरांच्या रस्त्यांत एक रस्ता दुसऱ्यासारखा दिसतो: तशाच तीन-चार मजली इमारती, तेच फाटक, तसाच कोपरा. एक गल्ली आधी वळलेला धावपटू समोरची प्रत्येक खूण नकाशाशी जुळवत जातो, आणि ती जुळतेही. खेळात हिला समांतर चूक म्हणतात. शिंपल्याला चांदी समजण्याच्या भ्रमासारखा, न्यायाच्या अन्यथाख्यातीचा हा नमुनाच आहे: शिंपलाही खरा, चांदीही कुठेतरी खरी, फक्त इथली वस्तू तिथली म्हणून दिसते. ही चूक मोडते ती न जुळणाऱ्या एखाद्या खुणेने, आणि तीही तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह आवरला तरच.

मग ज्ञान खरे हे ठरते कशाने? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक पुढे येईपर्यंत त्यावर शंका घेण्याचे कारण नाही. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीवरून कळते. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्याचा आरंभच या विचाराने होतो. कंट्रोलवर एक सांकेतिक अंक असतो. तो आपल्याजवळच्या वर्णनपत्रातल्या अंकाशी ताडून मगच नोंद करायची. हे परतःप्रामाण्य झाले. मात्र दोन कंट्रोलच्या मधे पावलोपावली असा पडताळा मागणारा धावपटू धावूच शकणार नाही. तिथे मीमांसकांचे म्हणणे खरे: आधी विश्वास, बाधक दिसले तर थांबणे. दोन्ही मतांना आपापले क्षेत्र आहे, आणि चांगल्या धावपटूला एकातून दुसऱ्यात केव्हा जायचे ते कळते.

महाराष्ट्राने हा प्रश्न खेळाच्या फार पूर्वी, अधिक गंभीरपणे हाताळला आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची नोंद महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’त आहे. गावाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या देवळापासून कोणत्या दिशेला, दार कुठे, असा तिचा तपशील. साधकाने ती जागा ओळखायची, तिथला ओटा नमस्कारायचा आणि स्वामींची तिथली लीळा आठवायची. देवळे पडली, नद्यांनी काठ बदलले, तशा खुणा नाहीशा झाल्या, आणि पोथीतल्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांगण्याचा थर चढत गेला. ओट्यावर सांकेतिक अंक नसतो. जागा हीच, हे सांगणारे तिथे पोथी आणि आधी येऊन गेलेली माणसे एवढेच असतात. नैयायिकाला हवा असलेला बाहेरचा पडताळा इथे मिळत नाही; स्मरण घडले याला तो सफल प्रवृत्ती मानेल का, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येतो. साधकापुरते बोलायचे तर तो मीमांसकाच्या बाजूने उभा असतो: बाधक दिसलेले नाही, म्हणून जागा हीच.