आकड्यांपलीकडचा दगड

वस्तऱ्यासाठी कृत्रिम दगड घ्यायला निघालेला हौशी माणूस बहुतेकदा वरच्या टोकापासून सुरुवात करतो. १२०००, २००००, ३००००... आकडा जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक आणि दाढी मऊ, असा त्याचा हिशेब. पैसे तिथेच संपतात आणि १०००चा दगड मिळेल तो, स्वस्तातला. हा क्रम मला उलटा वाटतो.

वस्तरा सुरीसारखा तिरका धरत नाहीत. तो दगडावर आडवा टाकायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून. कोन मनगट ठरवत नाही, पाठीची जाडी ठरवते. मग धार पुढे करून ढकलायचा, टोकाला पोचला की पाठीवर उलटायचा आणि परत आणायचा. जोर जवळजवळ नाहीच. पोकळ घासलेलं पातं इतकं पातळ असतं की दाबलं तर वाकतं. मधे किंचित खोलगट झालेल्या दगडावर सुरीचं निभतं, वस्तऱ्याचं नाही. मऊ दगड लवकर झिजतो, वर गाळ सोडतो आणि त्या गाळातून पुढे जाताना बारीक धार बोथटते. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी नावाजलेला दगड इथे उपयोगी पडेलच असं नाही.

दगडातले कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे. खरा फरक ते कण कशाने बांधलेत यात. नानिवाचा ‘सुपर स्टोन’ रेझिनने बांधलेला; हाताला गुळगुळीत, नवख्याला सांभाळून घेणारा. त्याच कंपनीचा ‘चोसेरा’ मॅग्नेशियाने बांधलेला. झपाट्याने कापतो, पण पाण्यात बुडवून ठेवला तर तडकण्याची भीती. वरून पाणी शिंपडलं की पुरे. शॅप्टनचे दगड कडक, पाणी कमी पिणारे, सावकाश झिजणारे. मला हेच आवडतात, जरी त्यांच्यावर पातं फिरवताना काचेवरून गेल्यासारखं वाटतं आणि ते सगळ्यांना रुचत नाही.

आकड्यांची गंमत अशी, की ते एका कंपनीपुरतेच खरे. नॉर्टनच्या ८०००मधला कण सुमारे ३ मायक्रॉनचा, शॅप्टनच्या ८०००मधला १.८४चा. शॅप्टन आपला १००० म्हणजे १४.७ मायक्रॉन सांगते. जपानी मानकात तोच आकडा साडेअकराच्या आसपास जातो. म्हणून एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले तीन दगड घ्यावेत. एकाने उमटवलेले ओरखडे पुढच्याला पुसता येतील एवढंच अंतर त्यांच्यात हवं.

आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत एखादा दगड आणि चामड्याचा पट्टा असला की भागायचं. कारण त्याचा वस्तरा रोज हातात असे. त्याची धार पार उतरू देतच नसत. एड्सच्या धास्तीनंतर सलूनमध्ये फेकायच्या पात्याचा वस्तरा सर्रास झाला आणि पाजळण्याचं काम हौशी लोकांकडे आलं. त्यांच्या हाती येतो जुन्या बाजारातला, जर्मनीतल्या झोलिंगनचा वस्तरा, गंजलेला, दाते पडलेला. त्याच्या दोन्ही बाजूंचे उतार टाचेपासून टोकापर्यंत एका रेषेत भिडवायचे, हे काम १०००च्या दगडाचं. ते अर्धवट राहिलं तर वरचे दगड न भिडलेल्या उतारांनाच चकाकी देत बसतात. १०००वरून उठलेल्या पात्याने हातावरची लव सगळ्या लांबीवर सारखी निघाली पाहिजे. एका जागीही अडखळली तर पुढे जाऊ नये. त्यानंतर ४००० किंवा ५०००, मग ८०००, आणि चामडं. एवढ्यावर दाढी होते, चांगली होते. १२००० ही चैन आहे. मी ती करतो, पण तिला गरज म्हणत नाही.

तिसऱ्या दगडाआधी मात्र हिऱ्याच्या कणांची सपाट प्लेट घ्यावी. ओल्या दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखून प्लेट फिरवायची. मधल्या रेघा शिल्लक राहिल्या तर दगड खोलगट झालाय. त्या जाईपर्यंत घासायचं. नव्याकोऱ्या दगडाचीही ही परीक्षा घ्यावी, कारण खोक्यातून निघालेला प्रत्येक दगड सपाट नसतो.