ऐकलेले छापताना

कोरेट्स हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. अठराव्या शतकात ते पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात होते. १७८० साली तिथे ‘तोलदोत याकोव्ह योसेफ’ हा हिब्रू ग्रंथ छापला गेला. ज्यूंमधल्या हसिदी या भक्तिपंथाचे छापील असे हे पहिलेच पुस्तक. पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव यांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलत, तेही यिडिशमध्ये, घरात आणि बाजारात चालणाऱ्या भाषेत.

लिहिण्याविषयी त्यांचे मत काय असावे, याची एक आख्यायिका आहे. त्यांना एक पिशाच्च पुस्तक घेऊन जाताना दिसले. हे कसले पुस्तक, असे विचारताच पिशाच्च म्हणाले, तुम्हीच रचलेले! शिष्यांपैकी कोणीतरी टिपणे काढत होता. बाल शेम तोव यांनी ती मागवून वाचली आणि सांगितले, यात माझा एकही शब्द नाही. ही गोष्ट १८१४-१५च्या सुमारास छापलेल्या त्यांच्या चरित्रकथांत आहे. लेखणीविषयीची ही नाराजीही शेवटी छापखान्यातूनच आपल्यापर्यंत पोचली, हे गमतीचे आहे.

‘तोलदोत’चे लेखक याकोव्ह योसेफ हे भोळेभाबडे भक्त नव्हते. शारगोरोदसारख्या गावाचे ते रब्बी, म्हणजे धर्मगुरू, होते, तालमूद हे धर्मशास्त्र आणि कबाला ही गूढविद्या यांत मुरलेले, उपासतापासांनी देह झिजवणारे. आनंदाने प्रार्थना करा, देहाला छळू नका, असे सांगणाऱ्या बाल शेम तोव या गुरूच्या नादी लागल्यावर त्यांना शारगोरोद सोडावे लागले. पुढे राश्कोव्ह, नेमिरोव्ह आणि अखेरीस पोलोन्ने इथे त्यांनी रब्बीपद सांभाळले. पण विद्वत्ता त्यांनी टाकली नाही. त्यांचा ग्रंथ तोरा या धर्मग्रंथाच्या साप्ताहिक पाठांच्या क्रमाने जातो. आधारांवर आधार रचतो. आणि मध्येच थांबून म्हणतो, हे मी माझ्या गुरूंकडून ऐकले. हा निर्वाळा ग्रंथभर शेकडो वेळा येतो. मला ती नुसती गुरुभक्ती वाटत नाही. बोललेले वाक्य यिडिशमधून ग्रंथांच्या हिब्रूत आणले की ते शब्दशः गुरूचे उरत नाही, हे या पंडिताला पक्के ठाऊक असणार. म्हणून तो गुरूचे बोल आणि स्वतःचे विवेचन यांत दर वेळी रेघ ओढतो.

मात्र पंडितांवर कोरडे ओढताना तो अशी सावधगिरी बाळगत नाही. मानासाठी शिकणारे, सामान्यांना तुच्छ लेखणारे विद्वान त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. सज्जन आणि सामान्यजन हे आत्मा आणि देह यांच्यासारखे बांधलेले आहेत, एकाचे पतन दुसऱ्यालाही भोवते, असे तो बजावतो. हा मार घरातल्याच माणसाचा होता, म्हणून तो जास्त झोंबला. विल्ना इथल्या ज्यू समाजाने १७७२मध्ये हसिदींवर बहिष्कार घातलाच होता. ग्रंथ आल्यावर १७८१मध्ये तो पुन्हा पुकारला गेला. ग्रंथाच्या प्रती जाळल्याचेही सांगतात. प्रवचन तोंडचे असते, तोवर ‘आम्ही असे म्हटलेच नाही’ म्हणण्याची सोय असते. छापील पान मात्र पुरावा म्हणून पुढे ठेवता येते. छापखान्याची ताकद त्या क्षणी अनुयायांपेक्षा विरोधकांनाच जास्त कळली होती, असे मला वाटते.

तरी छपाई थांबली नाही. १७८१मध्ये कोरेट्समधूनच याकोव्ह योसेफ यांचा ‘बेन पोरात योसेफ’ निघाला. बाल शेम तोव यांनी मेहुण्याला लिहिलेले प्रसिद्ध पत्र त्यातच छापले आहे. त्याच वर्षी बाल शेम तोव यांच्यानंतर पंथाची धुरा वाहणाऱ्या मेझेरिचच्या मग्गिदांची, म्हणजे प्रवचनकारांची, प्रवचनेही आली.

या पहिल्या आवृत्त्या आज दुर्मीळ आहेत. त्याचे सगळे श्रेय आगीला देऊ नये. अशी पुस्तके आठवड्याच्या पाठासोबत उघडली जात आणि वाचून वाचून फाटत. संग्राहकाला कोरी, स्वच्छ प्रत हवी असते. मला डागाळलेली, समासात कुणी खरडलेली प्रत जास्त बोलकी वाटते.

पुढच्या पिढीत श्नेऊर झाल्मान यांनी ‘तान्या’ लिहिला. मुंबईच्या नरिमन हाऊसमुळे आपल्याकडे ज्या खबाद शाखेचे नाव माहीत झाले, ती त्यांचीच. पुस्तक वाचणे म्हणजे गुरूच्या तोंडून ऐकणे नव्हे, वाचणारा आपल्या बुद्धीप्रमाणे अर्थ लावतो, असे ते प्रस्तावनेत स्वतःच मान्य करतात. पण सल्ला मागणारे इतके वाढले होते की प्रत्येकाला भेटणे शक्य नव्हते, आणि हातोहात फिरणाऱ्या नकलांत चुका शिरत होत्या. अखेर १७९६मध्ये स्लाविटा इथे ‘तान्या’ छापला गेला. त्यावर लेखकाचे नाव नव्हते.