वाट कोण पाहत होतं?

मुलीला शाळेत गृहपाठ मिळाला होता: निसर्गावर एक उतारा लिहायचा आणि त्यातली साहित्यिक तंत्रं ओळखायची. 2024 चा मे महिना. जुन्या नेपरव्हिलमध्ये ओकच्या झाडांखाली जमीन चाळणीसारखी झाली होती आणि 17 वर्षांनी वर आलेल्या सिकाडांनी कान किटवले होते. तिने लिहिलं, ‘अंधारात त्यांनी 17 वर्षं सूर्याची वाट पाहिली.’ बाईंनी कडेला ‘पर्सॉनिफिकेशन’ लिहून शाबासकी दिली. आपल्या व्याकरणातली चेतनगुणोक्ती.

पण वाट कोण पाहत होतं? सिकाडाची पिल्लं तर मुळांचा रस पीत वाढत होती. झाडाच्या रसातल्या वार्षिक बदलावरून ती वर्षं मोजतात, असं मानलं जातं. वीतभर खोल माती 64 अंश फॅरनहाइटच्या आसपास तापली, की बाहेर पडतात. वाट पाहणारे आम्ही! ग्रीन कार्डाची, भारतवारीची, आईच्या व्हिसाची. ते सगळं आम्ही त्या किड्याच्या गळ्यात मारलं. वाक्य सुंदर झालं, किडा मात्र हरवला.

इथे कालिदासाचं कौतुक वाटतं. मेघाला दूत करण्याआधी तोच सांगून टाकतो, की मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा. तो निरोप कसला नेणार? पण विरहात माणसाला सजीव-निर्जीव कळेनासं होतं. अलंकाराची गरज कोणाला आहे, हे त्याने लपवलं नाही. (आम्हाला परीक्षेत फक्त अलंकाराचं नाव विचारत.) आपल्या अलंकारांत स्वभावोक्तीही आहे, म्हणजे जसं आहे तसं बारकाईने सांगणं. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये (1956) दोन्ही भेटतात. तिथे झाडाला माणसाचं रूप मिळतं, पण त्याची पालवी आणि पानगळ नीट पाहून झाल्यावर. खरेपणा मला त्या क्रमात दिसतो.

मुलीला हे पटलं नाही. “वाट पाहिली असं म्हटलंच नाही, तर त्यांचं कोणाला काय वाटेल?” तिचंही खोटं नव्हतं. आमची वस्ती मक्याच्या शेतावर उभी राहिलेली. 2007 साली इथे झाडंच नव्हती, मग अंडी कुठे घातली जाणार? आमच्या अंगणात एकही सिकाडा निघाला नाही. आणि मधल्या वर्षांत जिथे जुना वृक्ष तोडला गेला, तिथे मुळं मेली आणि बहुतेक पिल्लं उपाशी मेली. ‘उपाशी’ हा तिथे अलंकार नाही.

शेवटी तिने आपलं वाक्य ठेवलं, पण त्याच्या आधी मुळांच्या रसाबद्दल तीन ओळी घातल्या.