अंगठ्याचा जमाखर्च

नैतिक प्रश्न आमच्या घरी सहसा येत नाहीत. आलेच तर दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी येतात, कारण इतर दिवशी मी बँकेत असतो, आणि बँकेत असला प्रश्न निघाला की तो हेड ऑफिसकडे पाठवून मोकळं व्हायची पद्धत आहे. घरात हेड ऑफिस म्हणजे आमची सौभाग्यवती. ती प्रश्न स्वीकारत नाही, उपस्थित करते. गेल्या पावसाळ्यानंतर तिने असाच एक प्रश्न उपस्थित केला आणि तो अजून माझ्या टेबलावर पडून आहे.

त्याचं असं झालं, की नांदेडला आमच्या घरावर एक खोली चढवायची खूळवजा कल्पना मला सुचली. स्टाफला घरकर्ज स्वस्त मिळतं. स्वस्त कर्ज मिळालं की माणसाला गरज उत्पन्न होते, हे अर्थशास्त्राचं तत्त्व मी बी. कॉम.ला शिकलो नाही, नोकरीत शिकलो. कामाला मिस्त्री मिळाले ते मूळचे औसा तालुक्यातले, किल्लारीच्या अंगच्या एका गावचे. माणूस माझ्याच वयाचा, म्हणजे शेहेचाळिशीच्या आसपासचा. बोलायचे कमी, आणि बोलायचे तेही भिंतीशी. "आता कशी गप बसलीस," असं ते ओल्या गिलाव्याला म्हणाले तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून "कोण, मी?" म्हणून बाहेर आली होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात माझा भाचा पुण्याहून आला.

भाचा माझ्या लातूरच्या थोरल्या बहिणीचा. म्हणजे 'लातूर पॅटर्न'मधून तावूनसुलाखून निघालेला. या पॅटर्नची कीर्ती बाहेरच्यांना निकालावरून कळते, आम्हाला घरच्यांच्या वजनावरून. दोन वर्षं पोरगा पहाटे चारला उठायचा आणि त्याच्या चहासाठी बहीण साडेतीनला. पुढे तो नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकला आणि चार वर्षं रविवारचं आमच्याकडे जेवला. सध्या तो पुण्यात बांधकामाचे रोबोट बनवणाऱ्या एका स्टार्टअपमध्ये इंजिनिअर आहे. स्टार्टअप म्हणजे काय, हे मी बँकेच्या भाषेत सांगतो. ज्याच्याकडे तारण नाही, नफा नाही आणि स्वतःची खुर्चीसुद्धा भाड्याची आहे, अशा माणसाला आम्ही कर्ज नाकारतो. तोच माणूस इंग्रजीत बोलला की त्याला कोणीतरी भांडवल देतं.

त्यांचा रोबोट भिंतीला गिलावा करतो. बहिणीने लातुरात मोठ्या अभिमानाने सांगितलं, तेव्हा एक वयस्क नातलग म्हणाले, "म्हणजे एवढं शिकून पोरगं गवंडीच झालं की!" बहीण आठ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती.

हे काही आजचं खूळ नाही. जपानी बांधकाम कंपन्यांनी १९८० च्या दशकातच असली यंत्रं करून पाहिली, कारण त्यांच्याकडे तरुण पोरं गवंडीकामाला यायला तयार नव्हती. अमेरिकेत 'सॅम' नावाचं यंत्र विटा रचतं; मात्र सांध्यातला माल सारखा करायला आणि कोपरे साधायला त्याच्या शेजारी जिवंत गवंडी उभा करावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या एका यंत्राने २०१८ साली तीन बेडरूमच्या घराच्या भिंती तीन दिवसांच्या आत रचल्या. आणि आपल्या बंगळुरूत २०२३ साली काँक्रीटचे थरावर थर सोडणाऱ्या यंत्राने १,०२१ चौरस फुटांचं पोस्ट ऑफिस ४३ दिवसांत उभं केलं. माझी एक खोली तेव्हा बावन्नाव्या दिवसात होती आणि खिडकी कुठे येणार यावर अजून चर्चा चालू होती. त्यामुळे भाच्याचं म्हणणं मला पहिल्या दिवशी एकदम पटलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मिस्त्रींच्या मनगटाला घड्याळासारखी एक चकती बांधली, तीन तिकाटण्यांवर तीन कॅमेरे लावले आणि म्हणाला, "काका, तुम्ही फक्त नेहमीसारखं काम करा." आठ दिवस हे चाललं. थापी किती अंशात वळते, पाटा ओढताना हात कुठे जड होतो, माल भिंतीवर फेकताना मनगट कधी सुटतं, सगळं लॅपटॉपमध्ये जमा होत होतं. याबद्दल कंपनी मिस्त्रींना मजुरीवर रोजचे पाचशे रुपये जादा देत होती. मिस्त्री खूश होते. ठेवणीतला पांढरा सदरा घालून ते गिलावा करू लागले.

मला आणखी एका गोष्टीची गंमत वाटत होती. याच मिस्त्रींचा अंगठा आमच्या बँकेतलं यंत्र घेत नाही. तीस वर्षं सिमेंटमध्ये हात घातल्याने बोटांवरच्या रेषा पुसल्या आहेत. आधारवर पैसे काढायला आले की यंत्र लाल दिवा दाखवतं, म्हणजे हे गृहस्थ हे नव्हेत. मग मी त्यांना बोट पुसायला सांगतो, ते लुंगीला पुसतात, यंत्र पुन्हा नाही म्हणतं, आणि शेवटी मीच काउंटरवरून स्लिप भरून देतो. म्हणजे एका यंत्राला त्यांचा अंगठा ओळखू येत नव्हता, आणि दुसरं यंत्र अंगठ्यासकट सगळा हातच उतरवून घेत होतं.

चौथ्या शनिवारी रात्री जेवताना सौभाग्यवतीने विचारलं, "हे सगळं कशासाठी चाललंय, ते मिस्त्रींना सांगितलंय का कुणी?"

भाचा म्हणाला, "त्यांनी कागदावर सही केलीय, मामी."

"इंग्रजी कागदावर?"

भाच्याने ताक प्यायला सुरुवात केली.

मला एकदम एकलव्य आठवला. त्या गोष्टीत गुरूने शिष्याचा अंगठा मागितला, आणि आपण हजारो वर्षं गुरूला नावं ठेवतोय. इथे तर शिष्यच गुरूचा अंगठा मागत होता आणि वर चहा पाजत होता. पण भाच्याची बाजू लंगडी होती असं नाही. तो म्हणाला, "मामा, त्यांचे गुडघे बघितलेत? छातीत सिमेंट किती गेलंय माहितीये? परातीवरून पडून माणसं मरतात, त्यांच्या बातम्यासुद्धा येत नाहीत. त्यांचा स्वतःचा मुलगा मोबाइलच्या दुकानात आहे, त्याला थापी धरायची नाही. उद्या गिलावा करायला माणूसच नसेल. आणि माझं यंत्र काही कुणाला बांधून उपाशी मारत नाही."

यावर मला उत्तर द्यायचा अधिकार नव्हता. माझे वडील बँकेतच होते. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांत यंत्रं आणायची शिफारस केली आणि पुढे खातेवहीची नोंद करणारी यंत्रं शाखाशाखांतून येऊ लागली, तेव्हा वडील छातीला काळी फीत लावून कामावर जात. "संगणक आमची भाकरी खाणार" असं ते म्हणत. प्रत्यक्षात त्यांची भाकरी कोणी खाल्ली नाही. ते यथासांग पेन्शन घेऊन निवृत्त झाले. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या खातेवह्या संगणकात भरायचं काम आमच्याकडे आलं. रात्री दहापर्यंत बसून आम्ही ते केलं आणि बँकेने आम्हाला पुरीभाजी दिली. नोकरी त्यातही कुणाची गेली नाही. फक्त जो निवृत्त झाला त्याची खुर्ची भरली गेली नाही. शाखेत तेव्हा चोवीस माणसं होती, आज सात आहेत. ज्या सतरा जणांची भाकरी गेली ते कुठल्याच मोर्चात नव्हते, कारण ते तेव्हा पाळण्यात होते. आज तेच बिचारे काउंटरपलीकडे उभे राहून मला विचारतात, "सर, भरती कधी निघणार?" त्यांच्या नोकऱ्या मी पुरीभाजीवर विकल्या, हे मी त्यांना सांगत नाही.

तेव्हा प्रश्न यंत्र चांगलं की वाईट हा नव्हताच. भिंत सरळ आली तर ती सगळ्यांनाच हवी. प्रश्न असा, की ज्याच्या हातातून विद्या घेतली त्याला ती दिल्याचं कळलं तरी पाहिजे की नाही? पाचशे रुपये हे मजुरी खात्यात गेले. ते भांडवल खात्यात जायला हवे होते. आयुष्यभर जमा आणि नावे यांत जगलेल्या माणसाला अशी चुकीची नोंद दिसली की झोप लागत नाही.

सकाळी आम्ही दोघं वर गेलो. मी घसा साफ करून, बराच वळसा घालून, सगळं सांगितलं. मिस्त्री ओळंबा सोडून बघत होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, "मला ठाऊक हाय की साहेब. हाताला घड्याळ बांधून येळ न बघनारा मानूस म्या पयलांदाच बघायलाव. एवढं बी कळंना का मला?"

"मग राग नाही आला?"

"राग कशाला? पोराला काय शिकवायचं ते शिकवलं. त्यानं शिकावं म्हनून लई वाट बघितली, तो काय आला न्हाई. हे शिकायलंय तर शिकू द्या." मग ओळंबा गुंडाळून ते भाच्याकडे वळले. "पर एक इचारू का इंजिनेर साहेब? भित पडली तर तुमच्या मिशनीला काय व्हतंय?"

भाचा म्हणाला, "पडणार नाही काका. आम्ही चाचणी घेतो."

"तसं नव्हं," मिस्त्री म्हणाले, आणि पहिल्यांदाच सलग बोलले.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून गाव झोपलेलं, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी. ते तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांचा चुलता त्या भागातला नावाजलेला गवंडी. दोन-दोन फूट रुंद दगडाच्या भिंती, मातीत बांधलेल्या, वर मातीचं जडशीळ माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. असली भिंत बांधणं हा मान होता. हा मुलूख तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत निर्धोक पट्ट्यात धरलेला. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला जोडणारे आरपार दगड घातलेले नसले तर हादऱ्याने दोन्ही अंगं सुटी होऊन कोसळतात, हे गावात कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्या पहाटे जवळजवळ दहा हजार माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली, जागतिक बँकेच्या मदतीने घरं उभी राहिली, भिंतींना मधून काँक्रीटचे पट्टे आले. त्याच कामावर घमेली वाहता वाहता आमचे मिस्त्री मिस्त्री झाले.

"चुलत्याला कुनी एक शबुद बोललं न्हाई," ते म्हणाले. "त्याची काय चुकी? सगळेच तसं बांधत व्हते. पर त्यानं पुन्यांदा थापी हातात धरली न्हाई. मरेस्तोवर. रानात बसून ऱ्हायचा. म्या रोज भित बांधताना त्याला बघतो. म्हनून माझा हात जिथं जड व्हतो, तिथं व्हतो. ते तुमच्या घड्याळात आलंय का?"

भाचा खाली मान घालून उभा राहिला. हात कुठे जड होतो हे त्याच्याकडे ग्रॅममध्ये होतं. का होतो, याला त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "मामा, यंत्र चुकलं तर आम्ही त्याची नवी आवृत्ती काढतो." आणि स्वतःच गप्प झाला. जेवताना त्याने पोळी मागितली नाही. ही आमच्या घरात ऐतिहासिक घटना होय.

पुण्याला परतायच्या दिवशी मिस्त्रींनी त्याच्यापुढे एक कागद धरला. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावर बसणाऱ्या एक टक्का उपकरातून येतो. म्हणजे गिलावा यंत्राने केला तरी उपकर जमा होणार. पण यंत्राला त्यातून ना पोरांच्या शाळेचं पाहिजे, ना दवाखान्याचं. हा मुद्दा मला वाणिज्यदृष्ट्या फार गोड वाटला, आणि तो मी भाच्याला दिला, बिनव्याजी. मिस्त्रींना त्या आठ दिवसांचा दाखला हवा होता.

भाच्याने पेन काढलं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यापाशी थांबला. बराच वेळ विचार केला आणि मग स्वच्छ अक्षरात लिहिलं: अध्यापन.

मी कागद बघितला. वीस वर्षं फॉर्म तपासणारा माणूस मी. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अरे, हे चालणार नाही. खिडकीवरून परत येईल. गिलावा लिही."

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मग एक रेघ मारून वर लिहिलं, गिलावा. रेघेशेजारी छोटी सही करायलाही मीच लावलं. मिस्त्रींनी कागदाची चौकोनी घडी करून पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि ते माल कालवायला गेले.

खोली आता पूर्ण झाली आहे. भिंती अशा सरळ, की भाच्याच्या लेझरलाही खोट सापडली नाही. मी रात्री तिथे हिशेब लिहीत बसतो. सगळ्या नोंदी जुळतात, फक्त त्या एका खोडलेल्या शब्दाची नोंद कुठल्या बाजूला घ्यायची ते अजून ठरत नाही. हेड ऑफिसला विचारलं. हेड ऑफिस म्हणालं, "खोडायला कुणी सांगितलं होतं?"