आजीआजोबांची सुटी

मे महिन्यांत शाळांस सुटी लागली, कीं नांदेड व लातूर जिल्ह्यांतील घरोघरीं नातवंडें येतात. तरुण मंडळी प्रवासास निघतात. निवृत्त आजीआजोबा कुलपाच्या जागीं बसतात. हें न्याय्य आहे काय?

वृद्धांनीं हिंडणें ही चैन, असें कित्येक म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. २०२२ सालापासून राज्याच्या एस. टी. गाड्यांतून ७५ वर्षें पुरीं झालेल्यांस भाडें पडत नाहीं. तेव्हां खर्चाची सबब लंगडी आहे. उन्हाची सबब खरी. परंतु पहांटेच्या गाडीनें निघालें, म्हणजे कंधारचा किल्ला किंवा औशाकडील खरोशाचीं लेणीं ऊन चढण्यापूर्वीं पाहून होतात.

शिवाय, वाचकहो, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीची भूमि हादरली, तेव्हां जीं माणसें पंचेचाळिशींत होतीं, तींच आज या फुकट तिकिटाचीं हक्कदार आहेत. ज्या हातांनीं ढिगारे उपसले, ते नातवाचा हात धरून त्या वाटेनें गेले, तर जुनें गांव कोठें होतें, नवें कोठें वसलें, कोणत्या घरांतून कोण बाहेर आलेंच नाहीं, हें त्या मुलास कळेल. आजोबांस घरीं बसवून किल्लारी दाखविणारा बाप निम्मेंच गांव दाखवितो.

आजीला मात्र कोणी विचारीतच नाहीं. ती शिदोरी बांधते आणि दारांतून निरोप देते. २०२३ पासून स्त्रियांस एस. टी. चें भाडें निम्मेंच पडतें. यंदा शिदोरी मुलानें बांधावी.