ज्या टंचाईत चोर सापडत नाही

एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरच्या एका कुपीसाठी काटोलपासून नागपूरपर्यंत लोक वणवण फिरले. १९ एप्रिलला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शहराला दहा हजार कुप्या तातडीने पुरविण्याचा आदेश राज्य शासनास दिला. काळाबाजार करणारे काही जण पकडले गेले आणि आपल्या संतापाला ठिकाण मिळाले. (इस्पितळातील रुग्णांना हे औषध देऊ नये, अशी सशर्त शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच केली होती, हे त्या धावपळीत कोण ऐकणार!)

परंतु दुसरीही एक टंचाई असते, तिच्यात कोणीच पकडला जात नाही. घसा दुखण्याचे निमित्त होऊन ताप येतो, सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होऊ लागतात. अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे घ्यावे लागते. औषध जुने आणि स्वस्त. पेनिसिलिन देशातच व्हावे म्हणून १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे चीनहून येणाऱ्या स्वस्त कच्च्या मालापुढे देशी उत्पादन टिकले नाही. मग त्याच मालाचा भाव चढला. तयार इंजेक्शनच्या किमतीला मात्र कायद्याची मर्यादा. उत्पादक एकेक करून बाजूला झाले. दुकानदार एवढेच सांगतो, “माल येत नाही.”

यात पाप कोणाचे? काटोल-नरखेडच्या बागायतदाराने तोडणीचा खर्चही निघत नाही म्हणून आंबिया बहार झाडावरच सोडला, तर आपण त्याला दोष देत नाही, हळहळतो. मग कारखानदाराला निराळा न्याय का लावावा? संत्रे न मिळाल्याने कोणाचे हृदय निकामी होत नाही, हे एक उत्तर झाले. मला दुसरे अधिक महत्त्वाचे वाटते. संत थॉमस अक्वायनस यांनी एक प्रश्न घेतला आहे : दुष्काळी गावात धान्य नेणाऱ्या व्यापाऱ्याला मागून आणखी धान्य येत असल्याचे ठाऊक आहे, ते त्याने सांगितलेच पाहिजे काय? न्यायाने तो बांधलेला नाही, सांगितले तर तो अधिक सद्गुणी, असे ते म्हणतात. आपल्या कारखानदाराची गोष्ट उलटी आहे. मागून कोणीच येत नाही, हे एकट्या त्यालाच ठाऊक असते. इथले मौन न्यायालाच बाधा आणते, असे माझे मत आहे.

कायदाही याच दिशेने जातो. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, किंमत बांधून दिलेल्या औषधाचे उत्पादन थांबविण्याआधी सहा महिने जाहीर सूचना द्यावी लागते. शासन ते जास्तीत जास्त एक वर्ष चालू ठेवावयास लावू शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेंझिल पेनिसिलिनसह आठ औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढविण्यात आल्या. ओरड झाली; मला ती वाढ रास्त वाटते.

पण वर्ष सरल्यावर काय? तोटा सोसून कोणी कायम औषध करीत राहावे, अशी सक्ती न्यायाने करता येत नाही. ते ओझे सर्वांनी मिळून उचलावयाचे असते. पिंपरीचा कारखाना याचसाठी होता. तो तोट्यात गेला तेव्हा “सरकारी कारभार, दुसरे काय होणार!” असे म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटणाऱ्यांत मीही होतो. मिस्साच्या आरंभी न केलेल्या कर्तव्यांचीही आपण क्षमा मागतो. त्या यादीत हे पान मी कधी धरले नव्हते.